तापलेल्या पाण्यातील उष्णता कोणाची?

तापलेल्या पाण्यात जी उष्णता जाणवते ती पाण्याचीच असते की पाण्यात शिरलेल्या दुसऱ्या कशाची, हा प्रश्न न्याय आणि वैशेषिक या दोन दर्शनांनी मोठ्या गांभीर्याने विचारला होता, आणि त्यांनी दिलेले उत्तर आजच्या वाचकाला प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. त्यांच्या मते पाण्याचा स्पर्श स्वभावतः शीत आहे आणि तो कधीही बदलत नाही. उकळत्या पाण्याने हात भाजतो तो पाण्यामुळे भाजत नसून त्या पाण्यात मिसळलेल्या तेजाच्या, म्हणजे अग्नितत्त्वाच्या, सूक्ष्म कणांमुळे भाजतो. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने रचलेल्या 'तर्कसंग्रह' या ग्रंथात, जो महाराष्ट्रातल्या पाठशाळांतही पिढ्यान्‌पिढ्या शिकवला गेला, स्पर्शाचे शीत, उष्ण आणि दोन्ही नसलेला असे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांतला शीत स्पर्श पाण्याला, उष्ण तेजाला, तर तिसरा पृथ्वी आणि वायू यांना वाटून दिला आहे. पाण्यात आढळणारी उष्णता 'औपाधिक' ठरते, म्हणजे दुसऱ्याच्या सान्निध्यामुळे भासणारी, उसनी. या मताकडे जुनाट समजूत म्हणून पाहणे सोपे आहे; परंतु उष्णता द्रवातून अतिसूक्ष्म पातळीवर कशी प्रवास करते याचा जो विचार गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत झाला, त्याने हाच प्रश्न पुन्हा उभा केला आहे, आणि त्याचे उत्तर देताना आत्म्याच्या दुःखाविषयीचा एक जुना वादही नव्याने तपासावा लागतो.

या विचाराला अहिल्यानगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यातील सोनई आणि तिचा परिसर यांचा आधार घेता येतो, कारण द्रव तापवणे हे तिथे मोठ्या प्रमाणावर चालणारे रोजचे काम आहे. सोनईला मुळा सहकारी साखर कारखाना आहे. गळिताच्या हंगामात उसाच्या रसात चुना मिसळून तो ज्यूस हीटरमधून नेला जातो, निवळल्यावर इव्हॅपोरेटरमध्ये आटवून त्याचा पाक केला जातो, आणि अखेर निर्वात पॅनमध्ये, जिथे दाब कमी असल्याने तो कमी तापमानालाच उकळतो, त्यातून साखरेचे दाणे धरले जातात. हीटरमध्ये धातूच्या नळ्यांच्या जुडग्याबाहेरून वाफ आणि आतून रस असतो. रस नळीतून वेगाने वाहत असला तरी नळीच्या भिंतीला अगदी चिकटून असलेला त्याचा थर जवळजवळ स्थिर असतो, आणि वाफेची सारी उष्णता रसाच्या मुख्य प्रवाहापर्यंत पोहोचण्याआधी या पातळ थरातून पार व्हावी लागते. काही दिवसांनी नळ्यांच्या आतल्या अंगाला क्षारांचा थर, ज्याला कारखान्यात स्केल म्हणतात, धरू लागतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या अंशात मोजावी इतकी कमी असूनही रस पुरेसा तापेनासा होतो, आणि मग कॉस्टिक सोड्याने नळ्या साफ कराव्या लागतात. बॉयलिंग हाऊसमधल्या कामगाराला हे अनुभवाने ठाऊक असते की मोठ्या टाकीत काय चालले आहे हे बऱ्याच अंशी भिंतीलगतच्या केसभर जागेत ठरते.

गुऱ्हाळात उष्णतेचा हा प्रवास उघड्या डोळ्यांना दिसतो. चुलवणावर ठेवलेल्या काहिलीत रस तापू लागला की तळाचा गरम रस हलका होऊन वर येतो, कडेचा थंड रस खाली जातो, आणि भेंडीच्या खोडाच्या चिकट पाण्यात अडकलेली मळी फेसाबरोबर पृष्ठभागावर जमते. द्रव स्वतः हलून उष्णता घेऊन जातो, या प्रकाराला अभिसरण म्हणतात. द्रव न हलता उष्णता एका थराकडून शेजारच्या थराकडे सरकते, त्याला वहन म्हणतात. काहिलीतले जवळजवळ सगळे काम अभिसरणाचे आहे. वीतभर खोल रस केवळ वहनाने तापायचा असता तर त्याला अंदाजे तीन दिवस लागले असते, कारण वहनाला लागणारा काळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो: पाण्यात एक मिलिमीटर जायला सुमारे ७ सेकंद, एक सेंटिमीटर जायला सुमारे १२ मिनिटे, दहा सेंटिमीटर जायला जवळजवळ २० तास. हाच हिशेब उलट दिशेने केला तर एक मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, ओलांडायला सेकंदाचे केवळ ७ दशलक्षांश पुरतात. सोनईजवळच्या शनिशिंगणापुरात उघड्या चौथऱ्यावरच्या शिळेवर तेलाचा अभिषेक होतो. त्या तेलाचा थर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा धरला, तर उन्हात तापलेल्या शिळेची ऊब त्याच्या बाहेरच्या पृष्ठावर यायला सेकंदाचा दहावा हिस्साही पुरेसा होतो. इतक्या पातळ थरात अभिसरणाला वावच नसतो, कारण द्रवाचा चिकटपणा आणि वहनाची चपळाई गरम थराला वर चढण्याची सवडच देत नाहीत. सूक्ष्म जगात द्रव हा उष्णतेपुरता जवळजवळ घन पदार्थासारखा वागतो.

वहनाचा जो नियम या हिशेबामागे आहे तो जोसेफ फूरिये या फ्रेंच गणितज्ञाने १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडला. उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडे, आणि तापमानाचा उतार जितका तीव्र तितक्या जोराने वाहते, एवढेच तो सांगतो. उष्णता म्हणजे काय याविषयी तो काही बोलत नाही, आणि त्यातच त्याचे सामर्थ्य आहे. मात्र त्यात एक गृहीत दडलेले आहे, ते असे की द्रवाच्या प्रत्येक बिंदूला स्वतःचे तापमान आहे. काहिलीच्या, नळीच्या, तेलाच्या थराच्याही बाबतीत हे गृहीत निर्धास्तपणे चालते. हवेत ते आधी डळमळते: साध्या दाबाच्या हवेतला रेणू दुसऱ्या रेणूवर आदळण्यापूर्वी सरासरी ६८ नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या ६८ अब्जांश, इतके अंतर मोकळा धावतो, आणि दोन भिंतींमधली फट याहून लहान झाली की मधल्या हवेचे तापमान सांगण्यात अर्थ उरत नाही. पाण्याचे रेणू मात्र एकमेकांपासून नॅनोमीटरच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्यावर दाटीने असतात, मोकळे धावणे त्यांना माहीतच नसते, शेजाऱ्याला धक्का देणे आणि त्याचा धक्का खाणे हाच त्यांचा व्यवहार असतो. त्यामुळे फूरियेचा नियम पाण्यात आश्चर्य वाटावे इतक्या लहान अंतरापर्यंत, काही नॅनोमीटरपर्यंत, टिकून राहतो.

हा नियम प्रथम मोडतो तो सीमेवर. प्योत्र कापित्सा या रशियन भौतिकशास्त्रज्ञाने १९४१ मध्ये द्रव हेलियम आणि त्याला लागून असलेला घन पदार्थ यांच्यातून उष्णता जाताना सीमेवर तापमानात एकदम उडी पडते असे दाखवले, आणि पुढे अशी उडी साध्या पाण्यातही असते हे स्पष्ट झाले. घनाचे शेवटचे अणू आणि पाण्याचे पहिले रेणू एकमेकांना चिकटून असतात, तरी त्यांच्या कंपनांचा मेळ पुरता बसत नाही, आणि पोहोचलेली सगळी ऊर्जा पलीकडे जात नाही. सीमेचा हा अडथळा पाण्याच्या काही नॅनोमीटर जाडीच्या थराएवढा असतो, आणि पाण्याला जवळ करणाऱ्या पृष्ठभागापेक्षा पाणी झटकणाऱ्या पृष्ठभागाशी तो अधिक असतो. हीटरच्या नळीत हा अडथळा नगण्य आहे, पण काही नॅनोमीटरच्या यंत्ररचनेत तो निर्णायक ठरू शकतो. तत्त्वविचाराच्या दृष्टीने त्याचे महत्त्व वेगळे आहे. उष्णता ही एका पात्रातून दुसऱ्या पात्रात ओतली जाणारी वस्तू असती, तर दोन पात्रे टेकलेली असताना मध्ये अशी पायरी का पडावी, हे सांगणे कठीण झाले असते. पायरी पडते ती दोन्हीकडच्या कणसमूहांच्या हालचालींची जात निराळी असल्यामुळे.

यापुढची अडचण सीमेवरची नसून गाभ्यातली आहे. एका घन मायक्रोमीटर पाण्यात सुमारे ३,३०० कोटी रेणू मावतात. भोवतालच्या पाण्याशी ऊर्जेची देवघेव सतत चालू असल्याने त्या इवल्या भागाची ऊर्जा वरखाली होत असते, परंतु तापमानात मोजायची तर ती अस्थिरता अंशाच्या दोन हजाराव्या भागाएवढीच भरते. बाजू दहा नॅनोमीटरची घेतली तर रेणू ३३,००० उरतात आणि चढउतार सुमारे अर्ध्या अंशाचा होतो. बाजू एक नॅनोमीटरची घेतली तर उरतात केवळ ३३ रेणू, आणि चढउतार १७ अंशांच्या घरात जातो. म्हणजे शांत, एकसारख्या कोमट वाटणाऱ्या पेल्यात एवढ्या लहान आकाराचा प्रत्येक भाग क्षणात थंडगार आणि क्षणात कढत आहे असे म्हणावे लागते. आणि रेणू एकच उरला तर? त्याला वेग असतो, फिरणे असते, ऊर्जा असते. तापमान नसते. हे तापमान मोजता येत नाही म्हणून नसते असे नव्हे; एकट्या रेणूच्या बाबतीत त्या शब्दाला विषयच उरत नाही, कारण अनेक कणांत ऊर्जा कशी वाटली गेली आहे याचेच नाव तापमान आहे.

मधल्या प्रदेशात, जिथे कण मोजके पण एकाहून अधिक आहेत, तिथे काय म्हणावे याविषयी भौतिकशास्त्रज्ञांतही एकमत झालेले नाही. चार्ल्स किटेल यांनी १९८८ मध्ये 'फिजिक्स टुडे'त असे प्रतिपादन केले की लहान वस्तूची ऊर्जा हेलकावते, तापमान नव्हे, कारण तापमान हे ज्या विशाल परिसराशी ती वस्तू समतोलात आहे त्याच्यावरून ठरते. बेन्वा मँडेलब्रॉट यांनी पुढच्याच वर्षी त्याच मासिकात याच्या विरुद्ध बाजू मांडून तापमानाचे हेलकावे ही सुस्पष्ट आणि अटळ कल्पना आहे असे म्हटले. शब्दांचा वाद म्हणून हा बाजूला सारण्यासारखा नाही. किटेल यांचे म्हणणे खरे असेल तर लहान वस्तूचे तापमान तिच्या परिसराने तिला दिलेले, औपाधिक, ठरते. मँडेलब्रॉट यांचे खरे असेल तर ते तिच्या स्वतःच्या घटकांवरून अनुमानाने काढलेले ठरते. नैयायिक जो प्रश्न विचारत होते त्याचीच ही दोन उत्तरे आहेत.

इथे एक खबरदारी घेणे आवश्यक आहे. प्राचीनांना आधुनिक भौतिकशास्त्र ठाऊक होते असे सुचवणारे लेखन मराठीत विपुल होते, आणि त्याने प्राचीनांचाही सन्मान होत नाही नि भौतिकशास्त्राचाही. वैशेषिकांचे तेजाचे कण चुकीचेच होते. त्यांची तुलना करायचीच तर ती रसायनशास्त्रज्ञ लाव्हॉझिएने १७८९ मध्ये मूलद्रव्यांच्या यादीत घातलेल्या 'कॅलॉरिक' या उष्णताद्रव्याशी करता येईल, आणि ते कॅलॉरिकही तोफांच्या नळ्या कोरताना घर्षणातून उष्णता अमर्याद निघत राहते हे रम्फर्डने १७९८ मध्ये दाखवल्यावर हळूहळू गळून पडले. दर्शनांचे मोल त्यांच्या उत्तरात नसून प्रश्न विचारण्याच्या काटेकोरपणात आहे: गुण सांगितला की तो कोणत्या आश्रयावर राहतो हे सांगितलेच पाहिजे, ही त्यांची मागणी अजूनही बिनतोड आहे.

हा काटेकोरपणा सर्वांत तीव्रतेने दिसतो तो पाकाच्या वादात. पाक म्हणजे तेजाच्या संयोगाने होणारा गुणबदल, आणि त्याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे आव्यात भाजला जाणारा घट. कच्चा काळपट घट भाजून लाल होतो, तेव्हा बदल कशात होतो? भाष्यकार प्रशस्तपादाने स्पष्ट केलेले वैशेषिकांचे मत असे की अग्नीच्या आघाताने घट परमाणूंपर्यंत विस्कटतो, सुट्या परमाणूंत जुना रंग जाऊन नवा येतो, आणि ते परमाणू पुन्हा जुळून नवा घट तयार होतो. या मताला पीलुपाकवाद म्हणतात, पीलू म्हणजे परमाणू. नैयायिक म्हणाले की घट विस्कटत नाही; तो सच्छिद्र आहे, तेज त्याच्या छिद्रांतून शिरते आणि सबंध घट, म्हणजे पिठर, जागच्या जागी बदलतो; हा पिठरपाकवाद. घटावर दुसरी भांडी रचलेली असताना तो विस्कटला तर ती कोसळत का नाहीत, आणि भाजल्यावर हा तोच घट आहे अशी ओळख का पटते, असे त्यांचे आक्षेप होते, आणि वैशेषिकांचे उत्तर असे की हे सारे इतक्या वेगाने घडते की ते कळत नाही. सोनईच्याच तालुक्यात, नेवासे येथे, डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात उत्खनन केले तेव्हा ताम्रपाषाण काळातली जोर्वे प्रकारची भांडी सापडली. जोर्वे हे याच जिल्ह्यातले, संगमनेर तालुक्यातले गाव. पातळ, लाल, वर काळी नक्षी असलेले आणि टिचकी मारताच खणखणणारे असे ते भांडे ज्या हातांनी भाजले, त्यांना पाकाचे व्यावहारिक ज्ञान दर्शनांच्या कितीतरी शतके आधी होते, आणि घटाच्या कोणत्या कणात काय घडते हे त्यांना न कळताही आवा बरोबर लागत होता.

पाण्याच्या बाबतीत दोन्ही दर्शने एका जागी येतात. पाकाने बदल होतो तो फक्त पृथ्वीच्या गुणांत. पाण्यात पाकज गुण नाही, म्हणून त्याच्या उष्णतेसाठी बाहेरचा आश्रय शोधावा लागला. परंतु नैयायिकांच्याच भांडारात असे एक साधन होते की ते इथे वापरले असते तर त्या बाहेरच्या आश्रयाची गरज पडली नसती. काही धर्म असे असतात की ते प्रत्येक आश्रयात वेगवेगळे न राहता अनेकांत मिळूनच राहतात. दोन घटांतले द्वित्व हे याचे प्रसिद्ध उदाहरण आहे, कारण दोघांपैकी कोणताही एक घट 'दोन' नसतो, तरी दोघे मिळून दोन असतात. अशा धर्माला व्यासज्यवृत्ती म्हणतात. तापमानाचे आजचे स्वरूप पाहिले तर ते याच वर्गात बसते. ते एका रेणूत नाही, म्हणून पीलुपाकवाद्यांचा मार्ग बंद होतो; ते रेणूंमध्ये शिरलेल्या परक्या द्रव्यातही नाही, म्हणून औपाधिकतेचा मार्गही अपुरा पडतो; ते अनेकांत मिळून राहते, आणि अनेकांची संख्या घटत गेली की ते खोटे ठरत नाही, पुसट होत जाते.

या सूचनेवर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. वैशेषिक परंपरेत द्वित्व हे 'अपेक्षाबुद्धी'मुळे, म्हणजे 'हा एक, हा एक' अशा जाणिवेमुळे उत्पन्न होते असे मानले आहे, मग तापमानही पाहणाऱ्याच्या बुद्धीने निर्माण होते असे म्हणायचे काय? तसे म्हणता येत नाही, कारण गुळव्या पाहो वा न पाहो, काहिलीतला पाक आटत राहतोच, आणि तो झाऱ्यावरून थेंब घेऊन थंड पाण्यात त्याची गोळी होते का हे बघतो तेव्हा तो तापमान निर्माण करत नाही, ओळखतो. तरीही अतिसूक्ष्म पातळीवर आक्षेपात काही तथ्य उरते: कोणते ३३ रेणू एका गटात धरायचे, सीमा कुठे आखायची, हे निवडावे लागते, आणि निवड बदलली तर अंकही बदलतो. हजारो कोटी रेणूंच्या समूहात ही निवड काहीच फरक करत नाही. मोजक्यांत ती करते.

आता आरंभी उल्लेखिलेल्या, आत्म्याच्या दुःखाविषयीच्या जुन्या वादाकडे येता येते. भागवताच्या पाचव्या स्कंधात सिंधुसौवीराचा राजा रहूगण आणि त्याची पालखी वाहायला लावलेला जडभरत यांचा संवाद आहे. आत्म्याला श्रम नाहीत, भार नाही असे भरत म्हणतो, तेव्हा राजा उत्तरादाखल चुलीचे उदाहरण देतो: अग्नीने भांडे तापते, भांड्याने त्यातले पाणी, आणि पाण्याने तांदळाचा गाभा शिजतो, तसेच देह, इंद्रिये, प्राण आणि मन यांच्या सान्निध्याने ताप अखेर पुरुषापर्यंत पोहोचतोच. युक्तिवाद म्हणून हे उदाहरण फार समर्थ आहे, आणि त्याचा कणा द्रवातून होणारे उष्णतेचे संक्रमण हाच आहे. सीमेवरच्या पायऱ्या दाखवून त्याचे खंडन होत नाही, कारण पायरी पडली तरी ऊर्जा पलीकडे जाते आणि भात शिजतो. त्याचा दुबळा दुवा शेवटचा आहे. भांडे, पाणी आणि तांदूळ हे तिन्ही तापतात कारण तिन्ही अनेक हलत्या घटकांचे बनलेले आहेत. जे अनेकांत मिळून राहते ते घ्यायला घेणाराही अनेक असावा लागतो. वेदान्ताचा आत्मा निरवयव आहे. निरवयवाला कोणी झाकून ठेवले आहे म्हणून तो तापत नाही असे नव्हे. तापणे हा धर्म त्याच्याविषयी बोलण्याच्या कक्षेतच येत नाही. याच तालुक्यात नेवाशाला शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये, ज्ञानेश्वरांनी गीतेवर जी टीका सिद्ध केली, तिच्या दुसऱ्या अध्यायात शीत-उष्ण आणि सुख-दुःख ही इंद्रियांच्या विषयसंपर्काने येणारी-जाणारी म्हणून एकाच ठिकाणी विचारात घेतलेली आहेत, आणि त्याच अध्यायात आत्म्याला अग्नी जाळत नाही हेही आलेले आहे. ही दोन विधाने एकत्र वाचली की रहूगणाच्या साखळीत कोणती कडी निराळ्या जातीची आहे हे ध्यानात येते.

परंतु यावरून आत्म्याला दुःख नाही हे सिद्ध झाले असे मानणे ही घाई होईल. सिद्ध झाले ते इतकेच की उष्णतेचे उदाहरण राजाला हवे तिथपर्यंत नेता येत नाही. दुःख हे तापमानासारखे अनेकांत मिळून राहणारे आहे की एकाच आश्रयाचा गुण आहे, हे स्वतंत्रपणे ठरवावे लागते. जडभरताचे पुढचे विवेचन या दृष्टीने लक्षपूर्वक वाचण्यासारखे आहे, कारण तो दुःख नाकारत नाही. संसाराचे मूळ तो मनात दाखवतो, आणि मनाच्या वृत्ती अकरा आहेत असे म्हणून पाच ज्ञानेंद्रिये, पाच कर्मेंद्रिये आणि अहंकार यांच्याशी त्यांची सांगड घालतो. म्हणजे ताप ज्याच्यावर ठेवायचा तो आश्रय त्याने अनेकविध कल्पिला आहे. नैयायिकाला ही वाट मोकळी नाही, कारण त्याचे मन अणुरूप आणि निरवयव आहे, आणि दुःख हा तो आत्म्याचाच विशेष गुण मानतो. मनाशी होणाऱ्या संयोगातून तो गुण आत्म्यात उत्पन्न होतो आणि मोक्षात कायमचा संपतो, असे त्याचे म्हणणे आहे. पाण्याला स्वतःची उष्णता नाकारणारा तोच विचारवंत आत्म्याला स्वतःचे दुःख मात्र बहाल करतो, आणि या दोन निर्णयांमधला फरक त्याने कोणत्या निकषावर केला, हे त्याच्या ग्रंथांना अजूनही विचारता येते.